कारखाना तिन्ही अंगांनी टिकवायचा तर सुरुवात कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे: साठ-सत्तर माणसांचा, धातूचे सुटे भाग बनवणारा कारखाना. सर्वात मोठ्या ग्राहकाने पर्यावरण, कामगार आणि आर्थिक स्थैर्य यांवर लांबलचक प्रश्नावली पाठवली आहे. एक सल्लागार म्हणतो सोलर बसवा, दुसरा म्हणतो प्रमाणपत्र घ्या, तिसरा म्हणतो आधी अहवाल काढा. पैसा एकाच गोष्टीला पुरेल. सुरुवात कशाने करावी, आणि हे सगळं मोठ्या कंपन्यांनी करायचं काम नाही का?

माझी बरीचशी नोकरी मेंटेनन्स आणि उत्पादनात गेली. आता काही वर्षं तुमच्याएवढ्या कारखान्यांबरोबर याच विषयावर काम करतो. तुमच्यासमोर तीन वस्तू मांडल्या आहेत आणि त्यातली कोणती घ्यायची असं तुम्ही विचारताय. मला वाटतं, अडचण वस्तूंची नाहीच. कारखाना पंधरा-वीस वर्षांनी उभा असेल का, त्याच्या आजूबाजूचं पाणी आणि त्याच्यातली माणसं धड असतील का, हे तीन कंटाळवाण्या ठिकाणी ठरतं: परचेसच्या टेबलावर, मेंटेनन्सच्या वहीत आणि पेमेंटच्या तारखांत. सोलर, प्रमाणपत्र, अहवाल हे सगळं त्यानंतर येतं. आधी अहवाल काढणं म्हणजे पाया खणण्याआधी रंग निवडणं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तुमच्या खर्चात विजेचा वाटा किती, जागा स्वतःची की भाड्याची, कर्जाचे हप्ते किती, एका ग्राहकावर किती विक्री टेकली आहे, यावर क्रम बदलेल. हातात दोन महिन्यांच्या पगाराएवढीही रोकड नसेल तर बाकी सगळं थांबवून आधी तिथे लक्ष घाला. कागदावर नफा दिसत असताना रोकड संपून बंद पडलेले कारखाने मी पाहिले आहेत, आणि बंद पडलेला कारखाना ना कामगाराच्या कामाचा ना नदीच्या. उलट, अंगणात रसायनांचे जुने ड्रम गळत असतील तर रोकड कितीही कमी असो, ते आधी.

एक गैरसमज दूर करायला हवा. शाश्वत विकासाची जी व्याख्या सगळीकडे सांगितली जाते ती संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाच्या १९८७ च्या अहवालातली: आजच्या गरजा अशा भागवा की पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवताना अडचण येऊ नये. पुढे १९९४ मध्ये जॉन एल्किंग्टन या ब्रिटिश सल्लागार-लेखकाने ताळेबंदात नफ्याबरोबर माणसं आणि पृथ्वीही मोजा अशी ‘ट्रिपल बॉटम लाइन’ नावाची कल्पना मांडली. ती जगभर पसरली. पण २०१८ मध्ये त्यांनी स्वतःच, एखादी कंपनी सदोष माल परत मागवते तशी ती संज्ञा परत मागवत असल्याचं जाहीर केलं. बहुतेकांनी तिचा नुसता हिशेबाचा तक्ता करून टाकला, ही त्यांची तक्रार होती. तुमच्या हातातली प्रश्नावली हा असाच तक्ता आहे. तीन रकाने, प्रत्येकाला गुण, आणि एका रकान्यातली उणीव दुसऱ्यातल्या गुणांनी भरून निघते असा समज. कारखान्यात हे तीन रकाने वेगळे नसतातच. एकाच नळीतून तिन्ही गळत असतात.

नळीपासूनच सुरू करू. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, एकही मशीन चालू नसताना, शॉपमध्ये, म्हणजे मशीनांच्या हॉलमध्ये, एकटे जा. मशीनना दाबाखालची हवा पुरवणारा कंप्रेसर चालू करा, लाइनमध्ये दाब भरू द्या आणि घड्याळ घेऊन उभे राहा. हवा कोणीच वापरत नाहीये, म्हणजे एकदा दाब भरल्यावर कंप्रेसरने गप्प राहायला हवं. तो राहणार नाही. तो लोडवर येईल (हवा भरू लागेल), मग अनलोड होईल (भरणं थांबवेल), पुन्हा लोडवर येईल. दोन्ही वेळा लिहून घ्या. लोडवर ३ मिनिटं आणि अनलोड ७ मिनिटं असं चक्र असेल, तर त्याच्या क्षमतेतली ३० टक्के हवा गळतीतून जाते आहे. गणित एवढंच: लोडची वेळ भागिले दोन्ही वेळांची बेरीज.

असाच एकदा शांत शॉपमध्ये चालताना मला फुसफुस ऐकू आली. आवाजामागे गेलो तर एका मशीनच्या मागे हवेच्या नळीला चिंधी गुंडाळून सुतळीने घट्ट बांधलेली. सुतळी तेलाने काळी पडलेली, म्हणजे गाठ बरीच जुनी. ऑपरेटरने गळतीची तक्रार केली होती, कपलिंगची, म्हणजे नळी जोडणाऱ्या सुट्या भागाची, मागणी परचेसकडे गेली होती, आणि परचेसने ‘उत्पादन थांबलेलं नाही’ म्हणून ती मागे ठेवली होती. त्या माणसाने त्याच्या परीने जमेल ते केलं होतं. गळती भरून काढायला कोणीतरी कंप्रेसरचा दाब वाढवून ठेवला होता. साधारण ७ बारच्या (बार हे दाबाचं एकक) आसपास चालणाऱ्या यंत्रणेत दर एक बार जादा दाबामागे ढोबळमानाने ६ ते ७ टक्के वीज जास्त लागते, आणि दाब वाढला की त्याच भोकातून हवाही जास्त गळते. यात पैसा वाया गेला, ती वीज बनवायला जाळलेला कोळसा वाया गेला, आणि आपण सांगून काही होत नाही हे एका कामगाराच्या मनावर ठसलं. तिन्ही गोष्टी एका कपलिंगपायी. म्हणून कोणत्याही कारखान्यात गेलो की मी धोरणाची फाइल नंतर मागतो, आधी मेंटेनन्सची प्रलंबित कामांची यादी मागतो.

आता परचेस. बहुतेक ठिकाणी नियम असतो की दोन वर्षांत पैसे वसूल होत नसतील तर प्रस्ताव नाकारायचा. हा नियम सावध वाटतो, पण तो कारखान्याला हळूहळू गरीब करतो. एखादी सुधारणा तीन वर्षांत वसूल होते आणि पंधरा वर्षं टिकते, म्हणजे ती गुंतवणुकीवर दरवर्षी जवळजवळ ३३ टक्के देते. कर्ज काढूनही परवडेल असा हा व्यवहार असतो आणि आपण तो नाकारतो. मोटरीचंही तसंच. सतत चालणाऱ्या मोटरीच्या आयुष्यभराच्या खर्चात खरेदीची किंमत अगदी थोडी असते, बाकी सगळी वीज. तरी कोटेशनांची तुलना होते ती फक्त खरेदीच्या किमतीवर. तुलनेच्या तक्त्यात ‘दहा वर्षांची वीज’ हा एकच रकाना वाढवा. एका कारखान्यात एवढ्यानेच निर्णय फिरलेले मी पाहिले, कोणाला भाषण द्यावं लागलं नाही.

पंखे आणि पंप यांच्याकडे मुद्दाम बघा. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला तर शक्ती साधारण ५१ टक्के लागते. डँपर, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, अर्धा बंद करून पंखा पूर्ण वेगाने चालवणं म्हणजे ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर देणं. तिथे व्हीएफडी, म्हणजे मोटरीचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण, बसवा. पाइपचं गणित याहून जोरदार आहे. प्रवाह तोच ठेवून पाइपचा व्यास वाढवला तर घर्षणाने होणारी दाबाची घट व्यासाच्या जवळपास पाचव्या घाताने कमी होते. कार्पेट बनवणाऱ्या इंटरफेस कंपनीत यान स्किलहॅम नावाच्या अभियंत्याने शांघायच्या कारखान्यासाठी हेच केलं. त्याने आधी जाड आणि सरळ पाइप आखले आणि यंत्रं त्यानुसार मांडली. मूळ आराखड्यात पंपांना ९५ अश्वशक्ती लागणार होती, ती ७ वर आली. पंप आणि मोटरी लहान झाल्याने जाड पाइपांचा जादा खर्चही निघून गेला. याच कंपनीचे प्रमुख रे अँडरसन यांनी १९९४ मध्ये कंपनीची दिशा बदलायचं ठरवलं होतं. वरून असा आधार असेल तरच खालचा अभियंता पाइपच्या आराखड्यावर इतका वेळ घालवू शकतो. तुमचा कारखाना उभा आहे, सगळे पाइप तुम्ही बदलणार नाही. पण पुढची लाइन टाकाल तेव्हा आधी पाइप आखा.

स्क्रॅपबद्दल एकच सांगतो. भंगारवाला किती देतो यावर त्याची किंमत ठरवू नका. रिजेक्ट झालेल्या तुकड्यात कच्चा माल आहे, त्यावर खर्च झालेली वीज आहे, कुलंट आहे, माणसाचे तास आहेत, आणि जी मशीन तेवढ्या वेळात चांगला भाग बनवू शकली असती ती मशीन आहे. शेवटच्या ऑपरेशनला रिजेक्ट झालेला तुकडा पहिल्यापेक्षा कितीतरी महाग असतो. थ्रीएम कंपनीने १९७५ मध्येच प्रदूषण टोकाला साफ करण्याऐवजी मुळात होऊ न देण्याची योजना सुरू केली, आणि ती आर्थिकदृष्ट्या फायद्याची आहे हे नावातच सांगितलं. डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्ग इथे एका कारखान्याचा टाकाऊ वायू, वाफ, राख दुसऱ्याच्या कामी येत आली आहे. तिथला पहिला करार १९७२ चा. ती साखळी कोणी वरून आखली नव्हती, शेजाऱ्यांनी एकमेकांशी धंद्याचे करार करत करत ती बांधली. तुमच्या कारखान्यातून बाहेर पडणारी उष्णता किंवा वाफ थंड होऊन उरलेलं गरम पाणी शेजारी कोणाला हवं आहे का, हे विचारायला फोनपलीकडे काही लागत नाही.

इथपर्यंत मी फक्त पैसे वाचवणाऱ्या गोष्टी सांगितल्या. तेवढंच सांगून थांबलो तर ते अर्धसत्य होईल, कारण पुढे अशी जागा येते जिथे तिन्ही हेतू एकमेकांना आडवे जातात, आणि माणूस तिथेच पारखला जातो.

आमच्याकडे भागांचं तेल काढायला ट्रायक्लोरोएथिलीन या द्रावकाची बाष्प-टाकी होती. सुंदर चालायची. भाग खाली सोडायचा, बाष्प त्यावर थंड होऊन तेल धुवून न्यायचं, भाग वर येताना कोरडाच. टाकीवरच्या ऑपरेटरला दुपारनंतर डोकं जड होतं असं तो म्हणायचा, आणि आम्ही पंखा लावून दिला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये हा द्रावक माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. मी पाण्यावर चालणारी धुलाई आणायचा आग्रह धरला. मग कळलं की पाणी गरम ठेवायला वीज लागते, भाग वाळवायला वेगळा टप्पा लागतो, सांडपाण्यात तेल आणि साबण जातो आणि ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी साफ करणाऱ्या यंत्रणेवर, भार येतो. पहिल्या काही आठवड्यांत भागांवर गंज धरला, ग्राहकाकडून माल परत आला. विजेचा आकडा वाढला, पाण्याचा वाढला, खर्चही वाढला. तक्त्याच्या हिशेबाने मी तीनपैकी दोन रकाने बिघडवले होते.

तरी तो निर्णय बरोबर होता, आणि तो का, हे मला मांडावं लागलं. माणसाच्या शरीराची हानी दुसऱ्या कशाबरोबर तोलायची नाही, ही माझी पहिली रेघ. परत न फिरवता येणारी हानी, म्हणजे भूजलात उतरलेलं विष, ही दुसरी. या दोन रेघांच्या आत खर्च, वीज, पाणी, वेळ यांचा हवा तसा हिशेब घाला, पण रेघ ओलांडून नाही. रेघ पक्की झाल्यावर बाकीचे प्रश्न अभियांत्रिकीचे उरतात आणि ते सुटतात. गंजरोधक बदलला, धुवायचं पाणी उलट्या क्रमाने टाकीतून टाकीत फिरवलं, तेल वरच्यावर काढून घेतलं. गाडी रुळावर यायला जवळपास वर्ष गेलं. हा वेळ आणि पैसा कुठून आला? आधी सांगितलेल्या हवेच्या गळतीतून आणि पंख्यांतून वाचलेल्या विजेतून. म्हणून मी तो क्रम धरतो: सोप्या बचतीचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा आणि अवघड कामांना लावा. तो सर्वसाधारण नफ्यात मिसळला की गेला.

पेमेंटच्या तारखांबद्दल सांगताना मला स्वतःची चूक सांगायला हवी. प्लेटिंगच्या, म्हणजे भागांवर धातूचा मुलामा चढवण्याच्या, कामासाठी आमच्याकडे दोन पुरवठादार होते. एकाचा दर लक्षणीय कमी होता. कमी का, हे मी विचारलं नाही; दर कमी करून आणला म्हणून माझं कौतुकच झालं. काही काळाने त्याच्या कारखान्याला टाळं लागलं. प्रक्रिया न करता सांडपाणी सोडत होता. आमची लाइन कित्येक दिवस भागांवाचून थांबली. मी तिथे गेलो तेव्हा त्याचा ईटीपी पाहिला. टाकी तळापर्यंत कोरडी होती आणि ढवळायच्या पात्यावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ होती. मला संताप आला. परत येऊन त्याची खतावणी काढली तर आम्ही त्याला ९० दिवसांनी पैसे द्यायचं कबूल केलं होतं आणि बऱ्याचदा १२० दिवस लावले होते.

प्लेटिंगमधून येणारं क्रोमियमचं सांडपाणी साफ करायचं तर आधी मेटाबायसल्फाइट घालून विषारी रूप कमी विषारी रूपात आणावं लागतं, मग चुना घालून गाळ बसवावा लागतो, आणि तो गाळ घातक कचरा म्हणून पैसे मोजून पाठवावा लागतो. यातलं एकही काम उधारीवर होत नाही. आम्ही त्याचं खेळतं भांडवल चार महिने अडकवून ठेवलं होतं, आणि त्याने ते नाल्यातून वसूल केलं. त्याचा गुन्हा त्याचाच, पण त्याला तिथवर नेणारा रस्ता आम्ही बांधला होता. तेव्हापासून कोणाची पुरवठा-साखळीची धोरणं वाचायच्या आधी मी विचारतो, लहान पुरवठादाराला पैसे कितव्या दिवशी मिळतात. दर फार कमी आला तर तो कशातून कमी झाला हे समजेपर्यंत ऑर्डर देत नाही. आणि तुमचा मोठा ग्राहक तुम्हाला प्रश्नावली पाठवतो आहे, तर तुम्हीही त्याला हाच प्रश्न नम्रपणे विचारा. तुमचे पैसे तो किती दिवसांनी देतो आणि ऐनवेळी ऑर्डर किती वेळा बदलतो, यावर तुमच्याकडचा ओव्हरटाइम ठरतो.

कामगारांविषयी माझं मत ठाम आहे की ऑडिटने माणसं वाचत नाहीत. बांगलादेशात २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली आणि अकराशेहून जास्त माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली, वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. त्या इमारतीतल्या काही कारखान्यांची सामाजिक तपासणी आधी झालेली होती; इमारतीच्या मजबुतीचा प्रश्न त्या तपासणीच्या कक्षेतच नव्हता. तडा सगळ्यांना दिसला होता. ‘मी आत जाणार नाही’ असं म्हणायची सोय मात्र सगळ्यांना नव्हती.

म्हणून तुमच्याकडे एवढं बघा: धोकादायक वाटलं म्हणून मशीन थांबवणाऱ्या ऑपरेटरचं नंतर काय होतं? ठेकेदाराच्या माणसालाही तोच अधिकार आहे का? थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंद होते का? त्या वहीत महिनोन्‌महिने शून्य असेल तर सुरक्षितता वाढलेली नाही, माणसं बोलायची थांबली आहेत. आणि ओव्हरटाइमशिवाय मिळणाऱ्या पगारात तुमच्या कामगाराचं घर चालतं का, हे मालक म्हणून तुम्ही स्वतः बसून कागदावर मांडा. ते काम कोणावर सोपवू नका.

आता तुमच्या तीन पर्यायांकडे येतो. सोलर चांगलंच आहे, पण गळती आणि पंखे आधी. नाहीतर गळणाऱ्या हवेसाठी तुम्ही छतभर पॅनेल बसवाल. प्रमाणपत्र ग्राहकाने सक्तीचं केलं असेल तर घ्या. आयएसओ १४००१ हे पर्यावरण-व्यवस्थापनाच्या पद्धतीचं मानक आहे, प्रदूषण अमुक इतकं खाली आणा असा आकडा ते देत नाही, हे लक्षात ठेवून घ्या. अहवालासाठी सल्लागार आत्ता नको. बारा महिन्यांची वीज-पाण्याची बिलं, इंधन, रिजेक्शन, अपघात, नोकरी सोडून गेलेली माणसं आणि पुरवठादारांना लागलेले सरासरी दिवस, एवढं तुमचा हिशेबनीस एका पानावर मांडू शकतो. आकडे दोन्ही प्रकारे लिहा: प्रति नग आणि एकूण. १८६५ मध्येच विल्यम जेव्हन्स या इंग्लिश अर्थशास्त्रज्ञाने दाखवलं होतं की कोळसा कार्यक्षमतेने वापरला जाऊ लागला तसा त्याचा एकूण खप वाढतच गेला. तुमचीही प्रति नग वीज कमी होत असताना एकूण वाढू शकते, आणि धंदा वाढतो आहे म्हणून ते क्षम्यही असेल, पण ते तुमच्या डोळ्यांसमोर असायला हवं.

प्रश्नावलीत उत्सर्जनाचे तीन स्कोप विचारले असतील. स्कोप १ म्हणजे तुमच्या भट्ट्या, जनरेटर आणि गाड्यांत जळणारं इंधन. स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज. स्कोप ३ म्हणजे तुमच्या आधीचं आणि नंतरचं सगळं, आणि धातूच्या धंद्यात त्यातला मोठा भाग कच्च्या मालात असतो. पहिले दोन बिलांवरून काढता येतात. तिसऱ्यासाठी खोटा आकडा भरू नका. ‘अजून मोजलेलं नाही, मुख्य कच्च्या मालापासून अमुक महिन्यापर्यंत सुरू करू’ असं लिहा आणि ती तारीख पाळा. ग्राहकाकडे बसलेला जाणता माणूस असं उत्तर ओळखतो. सगळ्या चौकटी भरलेली प्रश्नावली त्याने ढिगाने पाहिलेली असते.

मोठ्या कंपन्यांचंच हे काम नाही का, असं तुम्ही विचारलंत. भांडवलात ते पुढे आहेत, पण तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी त्यांच्याकडे नाही. चिंधी बांधलेल्या नळीपासून परचेसची सही करणाऱ्या माणसापर्यंतचं अंतर तुमच्याकडे वीस पावलांचं आहे.

येत्या सुट्टीच्या दिवशी कंप्रेसरच्या लोड-अनलोडच्या वेळा निदान पाच चक्रं मोजा. त्या वेळा, कंप्रेसरची क्षमता, तुम्ही ठेवलेला दाब आणि मशीनला खरोखर लागणारा दाब एवढं कळवलंत तर पहिल्या वर्षी किती पैसा मोकळा होईल आणि त्यात तुमच्याकडची तेल काढायची टाकी बदलता येईल का, हे आपण मांडू शकू.